हरणाची गोळी आणि युद्धात बंदी असलेली गोळी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या बंदुकांवर मोठा लेख होता, तो मी इथं टेक्सासमध्ये इ-पेपरवर वाचला, मग परत एकदा वाचला, आणि त्यातल्या दोन वाक्यांवर लिहिल्याशिवाय राहवेना म्हणून हे पत्र. लांबणार आहे हे आधीच सांगतो. कापायचं तर कापा पण काडतुसांचा मधला भाग तेवढा ठेवा, कारण मुद्दा तिथंच आहे.

पहिलं वाक्य, हरणांच्या शिकारीला इथं सर्रास "३०८ मिलिमीटरच्या गोळ्या" वापरतात. साहेब, ३०८ मिलिमीटर म्हणजे एक फूट झाला. एक फूट जाडीची गोळी म्हणजे ती मुलूखमैदान तोफेच्या नात्यातली, ती खांद्याला लावून कोण हरणामागं जाणार? ते पॉइंट तीनशे आठ इंच असतं, म्हणजे पावणेआठ मिलिमीटरच्या किंचित वर, शाळेतल्या पेन्सिलीपेक्षा जेमतेम जाड. छपाईची चूक असेल तर ठीक, पण तीन ठिकाणी आहे म्हणून म्हटलं.

दुसरं वाक्य मात्र डोक्यात राहिलं. "युद्धात शत्रूवर चालवायला जगानं बंदी घातलेल्या गोळ्या हे लोक मुक्या हरणांवर चालवतात." वाचून कुणालाही वाटेल काय राक्षस लोक आहेत. आणि गंमत म्हणजे वाक्य खोटं नाहीये. मी स्वतः तीच गोळी वापरतो. पण लेखकानं अर्धीच गोष्ट सांगून सोडून दिलीय, आणि उरलेली अर्धी तर चक्क आपल्या देशात सुरू होते.

कोलकात्याजवळ डमडम आहे, आता तिथं विमानतळ आहे म्हणून नाव सगळ्यांना माहीत, तिथं इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ मध्ये चित्रालच्या लढाईत इंग्रज सैन्याकडं नवीन .३०३ रायफली होत्या, गोळीवर पूर्ण धातूचं कवच, आणि तक्रार अशी आली की गोळी माणसाच्या आरपार जाते आणि माणूस तरीही अंगावर धावून येतो. मग डमडमच्या कारखान्यातल्या कॅप्टन बर्टी-क्ले नावाच्या अधिकाऱ्यानं कवचाचं टोक उघडं ठेवून आतलं मऊ शिसं बाहेर दिसेल अशी गोळी बनवली, ती अंगात शिरली की भूछत्रासारखी फुलायची. तीच ती बदनाम डमडम गोळी. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत तिच्यावर युद्धापुरती बंदी आली.

आता युद्धातलं गणित काय, तर माणूस जखमी झाला, लढाईतून बाद झाला, की पुरे, त्याला डॉक्टर आहे, स्ट्रेचर आहे, नंतर तो घरी जाऊ शकतो. हरणाला डॉक्टर नाही. कवचवाली गोळी हरणाच्या आरपार सुईसारखं भोक पाडून जाते, ते कधी कधी दोन मैल पळतं आणि तीन दिवसांनी कुठंतरी झाडीत मरतं, मांस कुणाच्या कामाचं नाही आणि त्या तीन दिवसांत त्याचं काय होतं ते देवच जाणे. फुलणारी गोळी फुप्फुसात फुलली की ते पन्नाससाठ पावलं पळून खाली पडतं, बहुतेक वेळा मिनिटाच्या आत. म्हणून अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायदा बरोब्बर उलटा आहे, हरणाला कवचवाली गोळी मारलीत तर दंड, फुलणारीच वापरायची. कोलोरॅडोत तर लिहूनच ठेवलंय, हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे गोळीची जाडी, इंचात), किमान ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम, वजनाची फुलणारी गोळी, आणि शंभर यार्डांवर तिच्यात किमान १००० फूट-पौंड जोर शिल्लक पाहिजे. मुकं जनावर किती पटकन मरेल याचा हिशोब सरकारनं घातलाय, तुमचा लेख म्हणतो ही क्रूरता.

मी कोण ते सांगतो म्हणजे कळेल हे कुठून बोलतोय. मूळचा कुडाळ तालुक्यातला, गेली सतरा वर्षं टेक्सासमध्ये, त्यातली नऊ हिल कंट्री म्हणतात त्या भागात, केरव्हिलच्या आसपास. चुनखडीच्या टेकड्या, ओक आणि सीडरची खुरटी झाडी, उन्हाळ्यात अडतीस चाळीस डिग्री, बघितल्यावर आपल्याला सोलापूरची आठवण येईल. आणि या झाडीत पहिल्याच आठवड्यात मला काय दिसलं असेल तर चितळ! ताडोब्यात जिप्सीतून फोटो काढतो तेच ठिपक्यांचं चितळ, गळ्याखाली पांढरं, तीन टोकांची शिंगं. इथं त्याला ॲक्सिस म्हणतात. १९३२ च्या सुमारास शिकारीसाठी म्हणून आणलं, कुंपणं तोडून पसरलं, आणि आता ते इथलंच झालंय, आमच्यासारखं. काळवीटही तेव्हाच आलं. दक्षिणेला किंग रांचवर तर नीलगाय आहे, विदर्भात जिला रोही म्हणतात ती. २०२१ च्या फेब्रुवारीत मोठं बर्फाचं वादळ आलं तेव्हा चितळं ढिगांनी मेली, उष्ण देशातलं जनावर ते, पण परत वाढली.

टेक्सासच्या कायद्यात चितळ बाहेरचं जनावर, त्यामुळं त्याला सिझन नाही, किती मारायची त्याला मर्यादा नाही, हंटिंग लायसन्स आणि जमीनमालकाची परवानगी असली की झालं. ते इथल्या देशी व्हाइटटेल हरणाचं गवत आणि पाला खातं म्हणून रँचवाले लोक स्वतःहून बोलावतात, या बाबा आणि मारा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं चितळाला हात लावला तर जेल, आणि ते तसंच पाहिजे, तिथं ते वाघाचं जेवण आहे. इथं वाघ नाही.

आता माझी स्वतःची फजिती. लेखात एक ओळ आहे की "जितकं मोठं काडतूस तितकी शिकार सोपी", मी पण अगदी हेच समजून दुकानात गेलो होतो. काउंटरवरच्या पोरानं मला विचारलं काय काय मारायचंय, मी म्हटलं चितळ, व्हाइटटेल, जमलं तर कधी नीलगाय, त्यानं एका मिनिटात .३०० विनचेस्टर मॅग्नम हातात ठेवली, म्हणाला ही एक घेतली की आयुष्यभर दुसरी बघायला नको. १९६३ पासूनचं काडतूस आहे, वाईट अजिबात नाही, पण ते एल्क, म्हणजे इथलं थोरलं हरीण, आणि अस्वलाच्या मापाचं. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्या दिवशी सहा बार काढले आणि खांदा जांभळा पडला. बायकोनं आयोडेक्स लावलं आणि विचारलं की हरीण तू मारणार का हरीण तुला.

जून महिना, संध्याकाळची वेळ, सत्तर यार्डांवर चितळाचा नर, जरा तिरका उभा. सत्तर यार्ड म्हणजे काहीच नाही हो, क्रिकेटच्या पिचच्या तिप्पट आणि वर थोडं. बार काढला. ते वाकलं, पाठ कमानीसारखी केली आणि झाडीत गेलं. ती कमान म्हणजे गोळी पोटात लागली, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टॉर्च घेऊन रात्री एक वाजेपर्यंत शोधलं, रक्ताचे थेंब इथं एक तिथं एक, मग तेही संपले. सकाळी शेजारच्या रँचवरच्या म्हाताऱ्याचा कुत्रा घेऊन गेलो तेव्हा सापडलं, पाचसहाशे यार्ड लांब ओढ्यात. जूनची उकाड्याची रात्र, मांस पूर्ण गेलेलं. मी घरी आलो आणि आठवडाभर नीट जेवलो नाही, खोटं नाही सांगत.

आमच्या आजोबांकडं शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, कोकणात अजून आहेत खूप जणांकडं, इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे कायदा यायच्या आधी, ते भेकर मारायचे. नळीत दारू ठासायची, चिंध्या, मग शिशाचे तुकडे, वर केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली. वीस पंचवीस पावलांच्या पुढं ते बार काढायचेच नाहीत. म्हणायचे, "बार फुकट गेलो तरी चलात, जनावर जखमी होवन रानात मरूक नये." त्या ओढ्यात मला हे आठवलं. माझ्या हातात त्यांच्या बंदुकीच्या कित्येक पट ताकदीची रायफल होती आणि काम त्यांच्यापेक्षा वाईट.

तर तो शेजारचा म्हातारा, पंचाहत्तरीचा असेल, कमी बोलणारा, मला म्हणाला चल रेंजवर. माझी रायफल त्यानं स्वतःकडं घेतली, पाठ करून भरली, माझ्या हातात दिली, मी बार काढला. परत भरली, परत दिली. तिसऱ्या वेळी मी चाप ओढला तर नुसतं टिक. त्यानं आत काडतुसाची नुसती रिकामी पितळी केस घातली होती! आणि त्या टिकच्या वेळी नळी चांगली वीतभर खाली गेली, माझा खांदा पुढं आला, डोळे मिटले. धडाका झालाच नव्हता, मीच दचकत होतो, प्रत्येक वेळी, बार व्हायच्या आधी. हे बार होतो तेव्हा कळत नाही कारण धक्क्यात सगळं झाकलं जातं. म्हातारा काही बोलला नाही, रायफल माझ्याकडं दिली आणि गाडीत जाऊन बसला. त्या दिवशी मला कळलं की सत्तर यार्डांवरून पोटात का लागली.

मग मी काडतुसांचा अभ्यास सुरू केला, आमच्या इंजिनीअर लोकांना तेवढंच येतं. आणि इथं आपल्या लोकांना एक गोष्ट समजावून सांगतो कारण सगळा घोळ शब्दांपासून आहे. मराठीत आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे पूर्ण वस्तू, पितळेची केस, बुडाला ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू, आणि तोंडाला बसवलेली गोळी म्हणजे बुलेट. हरणाला लागते ती फक्त बुलेट. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि हे ग्रेन आपल्या सराफांना परकं नाही बरं का, जुना इंग्रजी तोळा म्हणजे बरोब्बर १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. म्हणजे १८० ग्रेनची बुलेट म्हणजे एक तोळा, १५० ची म्हणजे दहा मासे, १२० ची आठ मासे. मी बायकोला हे असं सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा या विषयात इंटरेस्ट आला.

नावांचा गोंधळ वेगळाच. .३०-३० म्हणजे .३० कॅलिबर आणि तीस ग्रेन दारू, १८९५ चं काडतूस. .३०-०६ मधलं ०६ म्हणजे १९०६ साल, अमेरिकन सैन्यानं घेतलं ते वर्ष. .३०८ विनचेस्टर १९५२ चं. आणि .३०० मॅग्नम. आता बघा, ही चारही काडतुसं एकाच जाडीची बुलेट फेकतात, .३०८ इंच, फरक फक्त मागं दारू किती आणि त्यामुळं वेग किती. १५० ग्रेनची बुलेट .३०-३० मधून सेकंदाला साधारण २४०० फुटांनी निघते, .३०८ मधून २८०० च्या आसपास, .३०-०६ मधून २९००. हरणाच्या फुप्फुसात गेल्यावर त्याला यातलं कुठलं होतं ते सांगता येत नाही, म्हाताऱ्याची .३०-३० लिव्हरची रायफल त्याच्या वडिलांपासूनची आहे आणि त्यानं तिच्यावर किती हरणं मारली त्याचा हिशोब त्यालाच नाही. फक्त तो दीडशे यार्डांच्या पुढं बघतही नाही. तिची बुलेट बोथट टोकाची, कारण काडतुसं मुख्य नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागं एक बसतात आणि टोकदार बुलेट पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकली तर आतच बार होईल.

दारू वाढली की वेग वाढतो पण धक्का त्याहून जास्त वाढतो, आणि तो तुम्हालाच लागतो, हरणाला नाही. साधारण वजनाच्या रायफलीत .२४३ चा धक्का नऊएक फूट-पौंड, ७ एमएम-०८ चा बारा तेरा, .३०८ चा पंधरा सोळा, .३०-०६ चा वीस, आणि माझ्या त्या .३०० मॅग्नमचा पंचवीसच्या वर. मी नऊ वर्षांत रेंजवर जे बघितलं त्यावरून सांगतो, पंधराच्या पुढं गेलं की दहातले सहासात जण दचकतात आणि त्यातला एकही कबूल करत नाही. पुरुषी अहंकार, दुसरं काय, वरून म्हणतात स्कोप हललाय.

मी ती मॅग्नम विकली, तोट्यात विकली, आणि ७ एमएम-०८ घेतली. हे काडतूस म्हणजे .३०८ चीच केस, तोंड आवळून सात मिलिमीटरचं केलेलं, १९८० पासून रेमिंग्टनच्या नावावर. .२४३ पण त्याच कुळातली, १९५५ ची, आणखी आवळलेली, इथं पोरांना आणि बारीक चणीच्या बायकांना पहिली रायफल म्हणून तीच देतात. व्हाइटटेलची मादी इथली चाळीसेक किलोची, तिला .२४३ ची १०० ग्रेन पुष्कळ झाली. चितळाचा नर ऐंशी नव्वद किलोपर्यंत जातो आणि लोक म्हणतात तो गोळी खाऊन जास्त पळतो, माझा अनुभव असा की नीट लागली तर नाही पळत. .२७० पण छान, ते .३०-०६ च्या घराण्यातलं, १९२५ चं, १३० ग्रेन तीन हजार फुटांच्या वर वेगानं जाते, लांब मोकळ्या माळावर मारणाऱ्यांचं जुनं लाडकं. आणि ६.५ क्रीडमूर, २००७ मध्ये टार्गेटच्या मॅचसाठी काढलं, आता प्रत्येक पोराच्या हातात तेच. चांगलं आहे, धक्का कमी, वाऱ्यात कमी वाहतं, पण हिल कंट्रीत झाडीतून ऐंशी यार्डांवर चितळ मारायला हे सगळं लागत नाही. म्हातारा त्याचं नाव काढलं की फक्त थुंकतो.

नीलगाय मात्र वेगळी गोष्ट, तिथं मॅग्नमवाल्यांचं खरं आहे. अडीचशे किलोचा नर, जाड कातडं, रक्ताचा माग पण फारसा पडत नाही. मी तिच्या वाटेला गेलो नाही, गेलो तर कुणाची तरी मोठी रायफल मागून घेईन आणि आधी महिनाभर सराव करीन. वर्षातून एकदा होईल न होईल त्या शिकारीसाठी रोजची रायफल मोठी घ्यायची म्हणजे गणपतीला घरी पन्नास माणसं येतात म्हणून रोज पन्नास माणसांच्या पातेल्यात भात लावायचा.

आता खरा मुद्दा, म्हणजे काडतुसाच्या नावावर लोक रात्र रात्र भांडतात पण बुलेट कशी बांधलीय ते कुणी बघत नाही. साधी बुलेट म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, आत शिसं, टोकाला शिसं उघडं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट १९३९ पासून येते, स्वस्त, नव्वद टक्के हरणांना तेवढी बस होते. पण वेग जास्त झाला आणि मोठं हाड आडवं आलं की अशी बुलेट फुटून विखरू शकते, आत पोचतच नाही. जॉन नोस्लर नावाचा माणूस १९४६ मध्ये कॅनडात मूस, म्हणजे घोड्याएवढं हरीण, मारायला गेला, मूसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर, आणि त्याच्या मॅग्नमच्या जोरकस बुलेटी कातड्यावरच फुटल्या. घरी येऊन त्यानं मधे तांब्याची भिंत असलेली बुलेट बनवली, पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा शाबूत राहून आत घुसतो, १९४८ पासून ती विकतात, पार्टिशन नावानं. मला ही गोष्ट फार आवडते. माणसानं मोठी बंदूक नाही घेतली, बुलेट सुधारली.

मी हल्ली शिसंच नसलेली, पूर्ण तांब्याची बुलेट वापरतो. कारण घरचं आहे. शिशाची बुलेट हाडावर फुटते तेव्हा बारीक बारीक कण मांसात लांबपर्यंत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्सरेत दिसतात. २००८ मध्ये नॉर्थ डाकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्यात असे शिशाचे कण सापडले आणि तिथं मोठा गोंधळ झाला. गिधाडं आणि गरुड तर शिकाऱ्यांनी टाकलेली आतडी खाऊन मरतात, कॅलिफोर्नियात काँडोर नावाची गिधाडं वाचवायला म्हणून १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळीवर पूर्ण बंदी आहे. आपल्याकडं गिधाडं कशी गेली ते आपण बघितलंय, कारण वेगळं होतं, गुरांचं औषध, पण मेलेलं जनावर खाऊनच गेली. मला हे कळलं तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती आणि चितळाचा खिमा खायची, एक्सरेचे ते फोटो बघितले आणि उरलेली शिशाची काडतुसं मी रेंजवर कागदावर संपवली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाची बुलेट लांब होते, म्हणून वजन एक पायरी खाली घ्यायचं, १४० ऐवजी १२०. आणि तांब्याला फुलायला वेग लागतो, लागते वेळी साधारण दोन हजार फुटांच्या खाली गेला की नीट फुलत नाही, म्हणून मी अडीचशे यार्डांच्या पुढं मारत नाही. महाग आहे. वीसच्या डब्याला शिशाच्या दीडपट तरी जातात. पण वर्षात मी हरणांवर किती काडतुसं उडवतो, पाच? सहा? ते पैसे पिझ्झात जातात.

एक गोष्ट लेखात अजिबात नव्हती, ती म्हणजे काडतूस बऱ्याचदा आपण निवडतच नाही, जागा निवडते. ओहायोचंच बघा, सपाट मक्याची शेतं, मधे मधे घरं, तिथं बाटलीसारख्या तोंडाची काडतुसं हरणाला चालत नाहीत कारण बुलेट मैलोन् मैल जाते. वर्षानुवर्षं तिथं शॉटगनच होती, मग २०१४ मध्ये ओहायोत सरळ नळीच्या केसची रायफल काडतुसं चालू झाली आणि ते बघून कंपन्यांनी मुद्दाम तशी काडतुसं काढली, २०१९ मध्ये .३५० लेजंड आलं ते त्यासाठीच. पेनसिल्वेनियात हरणाला सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही. आणि आपल्याकडं? सैन्याचं काडतूस म्हणून .३०३ सामान्य माणसाला नाही, त्यामुळं ज्याला रायफलीचा परवाना मिळाला तो .३१५ घ्यायचा, दुकानात ठेवलेलं दुसरं काय असायचं? पुणेकरांना खडकीचा कारखाना माहीत असेलच, १८६९ पासूनचा, आमच्या गावात ज्यांच्याकडं बारा बोअर होती ते खडकीची काडतुसं जपून जपून वापरायचे, डबा संपला तर परत सावंतवाडी नाहीतर कोल्हापूर. बारा बोअर म्हणजे काय हे पण कुणाला माहीत नसतं, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. कोविडच्या वर्षी इथंही तसंच झालं, .३०-३० दुकानांतून गायब, म्हाताऱ्याकडं अकरा काडतुसं उरली होती आणि त्यानं त्या वर्षी तीन हरणं मारली, तीन काडतुसांत. मी विचारलं उरलेल्या आठांचं काय, म्हणाला अडीच वर्षं.

तुमच्या लेखकांनी शेवटी लिहिलंय की शिकाऱ्याला जनावराबद्दल काही वाटत नाही. बोलायचं तर खूप आहे पण जागा नाही. एवढंच सांगतो की गेल्या जूनमध्ये मी दोन संध्याकाळी बसलो होतो, दोन्ही वेळा नर समोर होता, एकदा फांदी आडवी आली आणि एकदा तो माझ्याकडं तोंड करून उभा राहिला तो हललाच नाही, अंधार पडला, मी उठून घरी आलो. तिसऱ्या दिवशी नव्वद यार्डांवर आडवा मिळाला. चाळीस पावलं गेला. त्याचं सुकं मालवणी मसाल्यात केलं, चरबी नसते त्यामुळं कुकरला दोन शिट्ट्या जास्त आणि खोबरं सढळ, आणि खाणाऱ्यांनी सांगितलं की मटणापेक्षा भारी आहे. म्हाताऱ्याला डबा पाठवला तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तिखटानं.

तेव्हा संपादक साहेब, ते ३०८ मिलिमीटर तेवढं दुरुस्त करून छापा. आणि युद्धाच्या बंदीचं वाक्य ठेवायचं असेल तर ठेवा, पण त्याच्या शेजारी हेही छापा की हरणाच्या बाबतीत कायदा उलटा का आहे.

आपला,
एक वाचक, केरव्हिल परिसर, टेक्सास

ता.क. नाव छापू नये ही विनंती. इथल्या मंडळातले निम्मे लोक शाकाहारी आहेत आणि यंदा गणपतीच्या प्रसादाचे मोदक माझ्या घरून जायचे आहेत.